कोकण किनाऱ्याची सायकल सफर आणि रत्नागिरीतला थांब्याचा दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, गुहागर, गणपतीपुळे अशी गावे घेत रत्नागिरीला पोहोचायचे आणि तेथून देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरायचे, हा बेत दर हिवाळ्यात अनेक सायकलस्वार आखतात. मार्ग, जेट्टी आणि मुक्काम यांविषयी सारेच विचारतात. मधल्या थांब्याच्या दिवसाविषयी मात्र निघण्यापूर्वी कोणी फारसे विचारत नाही आणि वाटेत तोच प्रश्न सर्वांना पडतो. त्या दिवसाची ही प्रश्नोत्तरे आहेत.

रोज साठ-सत्तर किलोमीटर सहज जमत असताना मध्ये एक पूर्ण दिवस थांबण्याची गरज काय?

किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट भासतो, परंतु तो तसा नाही. प्रत्येक खाडीपाशी पाण्याच्या पातळीपर्यंत उतरायचे, पलीकडे जाऊन पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढायचे आणि थोडे अंतर जाताच पुढच्या खाडीसाठी तेच सारे नव्याने करायचे, असा हा रस्ता आहे. एकही चढ घाटाइतका लांब नसला तरी पाच दिवसांत त्यांची बेरीज मांड्यांना आणि गुडघ्यांना चांगलीच जाणवते.

दुसरे कारण कामांचे आहे. चार दिवसांत कपडे खारट होतात, साखळी वाळूने करकरू लागते, सुटे पैसे संपतात, एखादा स्क्रू गळून पडतो आणि परतीच्या प्रवासाचे काही ना काही अडलेले असते. ही कामे रोज संध्याकाळी थोडीथोडी उरकू असे ठरवून सगळेच निघतात, आणि संध्याकाळी अंग टेकल्यावर ती कोणाकडूनही होत नाहीत.

थांबण्यासाठी रत्नागिरीच का? गणपतीपुळे किंवा गुहागर अधिक रम्य नाही का?

रम्य निश्चितच आहे, पण थांब्याच्या दिवशी रम्य गाव निवडणे ही नेहमीची चूक होय. त्या दिवशी समुद्रापेक्षा सायकलचे दुकान, औषधांचे दुकान, मोठे टपाल कार्यालय, एकाहून अधिक एटीएम आणि वेळ पडल्यास रुग्णालय यांची गरज अधिक असते. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे हे सारे रत्नागिरीत एकाच शहरात मिळते. शिवाय रोज साठ किलोमीटरचा हिशेब धरल्यास अलिबागहून पाचव्या संध्याकाळी आपण येथे पोहोचतो, निम्म्याहून थोडी अधिक वाट मागे पडलेली असते आणि गोव्याची हद्द अडीचशे किलोमीटरच्या आसपास उरते.

ज्यांना आधीच थांबावे लागेल त्यांच्यासाठी दापोली बरी आहे. ती उंचावर असल्याने हवा किंचित गार असते आणि कृषी विद्यापीठामुळे बाजारपेठही बऱ्यापैकी आहे. मात्र किनारा सोडून तेथवर चढून जावे लागते, हे लक्षात ठेवावे. दक्षिणेकडे मालवणात दुरुस्तीची सोय रत्नागिरीइतकी नाही.

थांबण्यासाठी कोणता वार धरावा?

रविवार सोडून कोणताही. रविवारी टपाल कार्यालय आणि बँक बंद असते, अनेक दुकानांची फळी उघडत नाही आणि रेल्वेची आरक्षण खिडकीही सहसा दुपारपर्यंतच चालते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बँका बंद असतात. माझ्या पहिल्या सफरीत थांबा नेमका रविवारी आला आणि दिवसभर बंद दुकानांच्या पाट्या वाचण्यापलीकडे काहीही झाले नाही. तेव्हापासून मी निघण्याचा वार थांब्याच्या वारावरून उलटा मोजून ठरवतो. मंगळवार किंवा बुधवार थांब्याला आला की कामे होतात आणि पुढचा शनिवार-रविवारचा पर्यटकांचा लोंढा मालवणच्या दक्षिणेला गाठतो, तेथे रस्ता तुलनेने मोकळा असतो.

मुक्कामाची खोली निवडताना काय पाहावे?

शहर उतारावर वसले आहे. वर मारुती मंदिराचा भाग, खाली बाजारपेठ आणि मांडवीचा किनारा, तर रेल्वे स्थानक शहराबाहेर बऱ्याच अंतरावर चढावर आहे. म्हणून स्थानकाजवळची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, अन्यथा प्रत्येक कामासाठी उतरून पुन्हा चढावे लागते. एस.टी. स्थानक ते मारुती मंदिर या पट्ट्यात राहिल्यास बहुतेक कामे पायी होतात आणि उरलेल्यांना रिक्षा पुरते.

खोली ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी तोंडी विचाराव्यात : सायकल आत किंवा बंद आवारात ठेवता येईल का, अंगणात किंवा मागच्या बाजूस नळ आहे का, आणि गच्चीवर कपडे वाळत घालता येतील का. गच्ची मिळाली तर टीव्ही आणि एसी नसला तरी चालेल. लॉजच्या पांढऱ्या टॉवेलने साखळी पुसू नये, हे वास्तविक सांगण्याची गरज नसावी. पण पुढच्या सायकलस्वाराला खोली नाकारली जाते ती अशाच कारणांनी.

दिवसाची आखणी कशी करावी?

सर्व कामे दुपारच्या जेवणापूर्वी संपली पाहिजेत, एवढा एकच नियम मी पाळतो. सकाळी उठल्यावर प्रथम कपडे धुऊन वाळत घालावेत, कारण त्यांना ऊन हवे असते आणि ऊन आपल्यासाठी थांबत नाही. त्यानंतर न्याहारी, मग लगेच सायकल धुऊन तपासणी, आणि दुकाने उघडण्याच्या सुमारास दुरुस्तीच्या दुकानी जावे. सायकल तेथे ठेवून पायी किंवा रिक्षाने टपाल, औषधे, पैसे आणि किराणा ही कामे करावीत. जेवून दोन तास आडवे व्हावे. कोकणातल्या अनेक बाजारपेठा दुपारी काही तास मिटलेल्याच असतात, त्यामुळे झोपण्याने काहीही बुडत नाही.

कामांची यादी आदल्या रात्री नव्हे, तर सफरीच्या पहिल्या दिवसापासून लिहीत जावी. ज्या क्षणी ब्रेक किंचाळतो त्याच क्षणी ते टिपून ठेवले नाही तर रत्नागिरीत पोहोचेपर्यंत विसरायला होते.

दमट हवेत कपडे वाळतच नाहीत. उपाय काय?

पिळून झाल्यावर कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पाय देऊन दाबावा, निम्मे पाणी तेथेच निघते. सायकलच्या गादी असलेल्या चड्ड्या उलट्या करून, गादीची बाजू बाहेर ठेवून वाळत घालाव्यात. साबण पुरता निघून गेला पाहिजे, कारण उरलेला साबण घामात मिसळून कातडी सोलतो. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, त्याने घाम शोषणाऱ्या कापडाचा गुण जातो. संध्याकाळी चारनंतर धुतलेला कपडा सकाळी ओलाच मिळेल, असे गृहीत धरावे.

सायकल सर्व्हिसिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने धुऊन घेतली तर चालते का?

चालत नाही. मोटारसायकलसाठी वापरतात तो फवारा हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो, ग्रीस वाहून जाते आणि दोन दिवसांनी चाक खरखरू लागते. बादलीभर गोडे पाणी, थोडा साबण आणि एक जुना टूथब्रश पुरेसा असतो. जंगलजेटीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या वाहनांच्या बोटीवर, उडालेले खारे शिंतोडे आणि किनाऱ्यावरची वाळू काढणे हा मुख्य हेतू आहे.

साखळीला मात्र वेगळे लक्ष द्यावे. या भागातली तांबडी जांभ्याची धूळ तेलात मिसळली की तिचे एक प्रकारचे घासकाम करणारे मलम होते आणि ते साखळी व दातेरी चक्रे दोन्ही खाते. वरून आणखी तेल ओतल्याने ते मलमच वाढते. चिंधीवर थोडे रॉकेल किंवा डिझेल घेऊन साखळी पुसावी, कोरडी होऊ द्यावी आणि मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल सोडून, पेडल उलटे फिरवून, बाहेरचे तेल स्वच्छ पुसून टाकावे. डिस्क ब्रेक असल्यास तेल किंवा रॉकेलचा थेंबही डिस्कवर पडता कामा नये. खोबरेल तेल केसांसाठी राखून ठेवावे.

साखळी झिजली आहे हे मोजमापाच्या खास साधनाशिवाय कसे कळेल?

इंचांच्या खुणा असलेली साधी फूटपट्टी पुरते. साखळीच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पीन नव्या साखळीत नेमकी १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंचाने पुढे गेली असेल तर साखळी बदलण्याची वेळ आली आहे, आणि एक अष्टमांश इंचाने गेली असेल तर मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संचही, बहुधा झिजली आहे.

मात्र सफरीच्या मध्यावर बदलण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. झिजलेल्या कॅसेटवर नवी साखळी घातली की ती चढावर जोर देताच घसरू लागते, आणि जुनी जोडी निदान एकमेकांच्या सवयीची असते. कड्या घसरत नसतील तर उरलेले अडीचशे किलोमीटर त्याच साखळीवर काढून घरी दोन्ही एकदम बदलावे. दुसरे असे, की नऊ किंवा दहा गिअरची अरुंद साखळी लहान दुकानांत सहसा मिळत नाही. पुढचे शहर गाठेपर्यंत एक जोडकडी जवळ असावी.

रत्नागिरीत माझ्या सायकलचे टायर-ट्यूब मिळतील का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि याचे उत्तर आकड्यांत दडलेले आहे. दुकानदाराला ‘२८ इंची टायर’ मागितला तर तो बहुधा जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलचा टायर देतो. त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, आणि आपल्या टूरिंग अथवा हायब्रिड सायकलच्या, म्हणजे ७००सी चाकाच्या, रिमचा ६२२ असतो. १३ मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. एका गावात मीही ‘२८’ वाचून टायर घेतला, रात्री लॉजवर चढवायला बसलो आणि तो रिमवर अंगरख्यासारखा ढगळ झाला. चूक दुकानदाराची नव्हती, त्याने मागितले तेच दिले होते. २६ इंचातही हीच गोम आहे : एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, २६ हा ५५९ मिलिमीटरचा असतो, तर साध्या सायकलवरचा २६ गुणिले १ पूर्णांक ३/८ हा ५९० मिलिमीटरचा.

म्हणून इंच सांगूच नयेत. टायरच्या कडेवर ‘४०-६२२’ अशासारखी जोडसंख्या छापलेली असते. त्यातली पहिली संख्या रुंदी आणि दुसरी रिमचा व्यास असते. तिचा फोटो काढून दुकानात दाखवावा. दुसरी संख्या जुळली तरच टायर बसेल. आणखी एक उपयोगी गोष्ट म्हणजे २९ इंची एमटीबीचे रिमही ६२२चेच असते, त्यामुळे रुंदी जुळत असल्यास त्या सायकलची ट्यूब ७००सीच्या चाकात चालते, आणि अशा सायकली आता तालुक्याच्या गावांतूनही दिसतात.

व्हॉल्व्हचीही अडचण लक्षात घ्यावी. आपले रिम बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी भोक पाडलेले असेल, तर साध्या सायकलच्या किंवा मोटारीसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब त्यात शिरतच नाही. ‘भोक मोठे करून देतो’ असे दुकानदार प्रेमाने म्हणाला तरी अरुंद रिमच्या बाबतीत नम्रपणे नकार द्यावा. प्रेस्टा असणाऱ्यांनी दोन ट्यूब आणि हवा भरण्यासाठी लागणारे छोटे पितळी अॅडॅप्टर घरूनच आणावे. शहरात या गोष्टी मिळू शकतात, पण त्यांवर विसंबून निघू नये.

स्थानिक दुकानात कोणते काम द्यावे आणि कोणते स्वतः करावे?

चाकाचा आऊट काढणे, तुटलेली तार बदलणे, हबचे छर्रे आणि ग्रीस बदलणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या सायकली दुरुस्त करणारा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी चांगली करतो. पुण्यात ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणत ती कला अशाच हातांत शिल्लक आहे. गिअर जुळवणे, हायड्रॉलिक ब्रेक किंवा ट्यूबलेस टायर यांबाबत मात्र आधी विचारावे, आणि उत्तर देताना तो क्षणभर जरी घुटमळला तरी काम देऊ नये. तारेची लांबी जागेवर जुळत नाही, म्हणून आपल्या चाकाच्या दोन-तीन तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून आणाव्यात.

कॅरिअरचे आणि पॅनियर, म्हणजे बाजूच्या पिशव्या, अडकवण्याचे स्क्रू स्वतः तपासावेत. ते खडबडीत रस्त्याने सैल होतात आणि बहुतेकांना ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन की लागते. ब्रेकपॅड बदलायचे असतील तर हीच जागा आहे, पुढच्या उतारांवर नव्हे. शेवटी टायरवर बोट न फिरवता नजर फिरवावी आणि रुतलेले काचेचे कण टोकदार वस्तूने काढावेत.

बसण्याच्या जागी कातडी सोलवटली आहे. त्या दिवसात बरी होईल का?

पूर्ण बरी होणार नाही, पण पुढे चालवण्याजोगी होते. जागा स्वच्छ धुऊन कोरडी ठेवावी, फोड फोडू नये आणि दिवसभर सायकलची घट्ट चड्डी न घालता सैल सुती कपडे घालावेत. खाज किंवा लाल चट्टे असतील तर बुरशीची शक्यता असते. अशा वेळी औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आपल्या मनाने घेऊ नये, त्याने दोन दिवस बरे वाटते आणि नंतर बुरशी पसरते. डॉक्टरांना दाखवण्यासाठीच तर आपण जिल्ह्याच्या ठिकाणी थांबलो आहोत. पू, ताप किंवा वाढती सूज असल्यास सफर तेथेच थांबवावी.

गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे आणि मागच्या बाजूने दुखत असेल तर वर. काही मिलिमीटरच बदल करून, दुपारी नव्हे तर संध्याकाळी, चार-पाच किलोमीटर सावकाश चालवून पाहावे.

त्या दिवशी खाण्यापिण्याचे काय?

भात खावा, भरपूर खावा. सायकल थांबली म्हणून जेवण निम्मे करणारे दुसऱ्या दिवशी पावस गावाच्या अलीकडेच गळाठतात. न्याहारीला पोहे, उसळ, घावणे, दुपारी खानावळीत भात, कुळथाची पिठी किंवा माशाची आमटी आणि सोलकढी, एवढ्यावर शरीर समाधानी असते. कधी न खाल्लेले कालवे-शिंपले आणि तिखट तळण यांचा प्रयोग सफर संपल्यावर करावा. क्षारसंजीवनीची (ओआरएस) चार-सहा पाकिटे औषधांच्या दुकानातून घ्यावीत आणि एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. चवीसाठी अर्ध्या बाटलीत टाकणे चुकीचे आहे.

पैसे, फोन आणि चार्जिंग यांची काय तजवीज करावी?

यूपीआय बहुतेक ठिकाणी चालते, नेटवर्क मात्र सर्वत्र चालत नाही. सड्यावरच्या टपरीत आणि घरगुती खानावळीत दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांचे काम पडतेच, म्हणून एटीएमच्या पाचशेच्या नोटा शहरातच मोडून घ्याव्यात. पुढच्या टप्प्यांचे नकाशे लॉजच्या वायफायवर उतरवून ठेवावेत. दिवे, फोन आणि पॉवर बँक हे सारे एकदम चार्ज करायला खोलीत एकच प्लग असतो, तेव्हा तीन तोंडांची पिन फार मोलाची ठरते.

जादा सामान घरी पाठवावे का?

अवश्य पाठवावे. पाच दिवसांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती पुढच्या चार दिवसांतही लागणार नाही. पंक्चरचे साहित्य, पावसाळी जाकीट आणि औषधे यांना हा न्याय लावू नये. टपाल कार्यालयातून पार्सल करताना खोका किंवा शिवलेली कापडी पिशवी लागते आणि ओळखपत्र जवळ असावे. पॉवर बँक किंवा सुट्या लिथियम बॅटऱ्या टपालात घालू नयेत. बहुतेक जण दोन ते तीन किलो कमी करतात. भाट्याचा पूल ओलांडून पहिला चढ लागला की खर्चाची किंमत वसूल होते.

परतीचे रेल्वे तिकीट त्या दिवशी काढता येईल का?

खरे तर ते घरूनच काढून निघावे. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते (नोव्हेंबर २०२४पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती). तत्काळचा येथे उपयोग नाही, कारण ते प्रवासाच्या आदल्या दिवशी मिळते, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि शयनयान वर्गासाठी अकराला. त्या दिवशी आपण वेंगुर्ल्याच्या आसपास सायकलवर असू. थांब्याच्या दिवशी दोन कामे मात्र जरूर करावीत : प्रतीक्षायादी किती सरकली हे पाहणे, आणि रत्नागिरी स्थानकाच्या पार्सल कार्यालयात सायकल नेण्याचे नियम प्रत्यक्ष विचारून घेणे. सायकल प्रवासी डब्यात नव्हे तर सामानाच्या डब्यातून, स्वतंत्र पावती करून जाते. जेथे गाडी दोनच मिनिटे थांबते अशा लहान स्थानकावर ती चढवणे जिकिरीचे असते, त्यामुळे उत्तर गोव्यात थिवी आणि दक्षिणेत मडगाव ही स्थानके बरी पडतात.

एवढ्या कामांत शहर पाहायचे केव्हा?

चार वाजल्यानंतर, आणि एकच ठिकाण. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये त्याचा अंत येथेच झाला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा मारुती मंदिराच्या बाजूने फार दूर नाही. तीस वर्षे ज्याला येथून हलता आले नाही त्याच्या सज्जात उभे राहून, एक दिवस थांबावे लागले म्हणून कुरकुरणारे सायकलस्वार मी पाहिले आहेत. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी मांडवीवर जाऊन बसावे. रत्नदुर्ग किल्ल्याची चढण त्या दिवशी टाळावी. तो पाहायचाच असेल तर आणखी एक दिवस वाढवावा.

सोबत्यांपैकी एकाला थांबायचे नसेल तर?

त्याला जाऊ द्यावे आणि मालवणात भेटण्याचे ठरवावे. पंप, साखळीचे हत्यार आणि प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे राहणार हे आदल्या रात्रीच वाटून घ्यावे, कारण ती नेमकी पुढे गेलेल्याच्या पिशवीत सापडते.

दुसऱ्या दिवशी किती वाजता निघावे?

उजाडताच. रात्री झोपण्यापूर्वी सामान भरून, बाटल्यांत पाणी घालून, टायरमधली हवा दाबून पाहून ठेवावी आणि लॉजचा हिशेब मिटवून मुख्य दार पहाटे कोण उघडणार हे विचारून घ्यावे. पहिले वीस किलोमीटर मुद्दाम हलक्या गिअरमध्ये चालवावेत, कारण विश्रांतीनंतर पाय ताजेतवाने असले तरी जड वाटतात. पावसला चहा घेताना साखळी, ब्रेक आणि कॅरिअरचे स्क्रू पुन्हा एकदा पाहावेत. काही राहिले असेलच, तर तेथून रत्नागिरीला परत फिरणे अजून परवडते.